वाफेवरचे दिंड



आजचा विषय स्वयंपाकघरांतला आहे, आणि तो एका निवृत्त शाळामास्तरानें मांडावा याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या पदार्थाविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या पोटांत पुरण जितकें असतें तितकेंच पदार्थविज्ञानही असतें. आणि मुलांना तें विज्ञान समजावून देण्यांतच माझीं उमेदीचीं वर्षें गेलीं. त्या पदार्थाचें नांव दिंड.

जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांत वाढलेल्या श्रोत्यांस दिंडाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पण शहरांतील पुष्कळ बिऱ्हाडांत हा पदार्थ वर्षांतून एकदां नागपंचमीस होतो, आणि तोही घरांत कोणी वडीलधारी बाई असेल तरच. लहान मुलांपैकीं कित्येकांस तर त्याचें नांवही ठाऊक नसतें. म्हणून आधीं व्याख्या सांगतों. कणकेच्या पातळ पुरीवर हरभऱ्याच्या डाळीचें पुरण ठेवावें, पुरीच्या चारी कडा आंत दुमडून पाकिटासारखी चौकोनी घडी घालावी आणि ती घडी वाफेवर उकडावी, म्हणजे दिंड झाला. साहित्य पुरणपोळीचेंच. फरक एवढाच कीं, पोळी तव्यावर भाजली जाते आणि दिंड वाफेवर शिजतो. हा फरक दिसण्यांत लहान आहे. परंतु जेवणाची सगळी रीत बदलून टाकण्याचें सामर्थ्य त्यांत आहे. तें कसें, हें सांगणें हाच आजच्या भाषणाचा हेतु.

श्रावण शुद्ध पंचमीस आमच्याकडे कांहीं क्रिया वर्ज्य मानतात. शेतांत नांगर धरावयाचा नाहीं, जमीन खणावयाची नाहीं, विळीवर भाजी चिरावयाची नाहीं, कांहीं तळावयाचें नाहीं आणि चुलीवर तवा ठेवावयाचा नाहीं. शेतकऱ्याच्या नांगराखालीं नागिणीचीं पिलें सांपडून मेलीं, ही कहाणी आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. तिच्याशींच या वर्ज्यांचा संबंध जोडतात. ज्या मुलखांत ज्वारीची भाकरी हें रोजचें अन्न, त्या मुलखांत तवा हा घरांतला सर्वांत राबणारा गडी होय. त्या गड्याला वर्षांतून एक दिवस सुटी दिली, कीं गृहिणीपुढें प्रश्न उभा राहतो. भाजणें नाहीं, तळणें नाहीं, चिरणें नाहीं. मग सणाचें पक्वान्न करावयाचें कशानें? या प्रश्नाचें उत्तर वाफ. पांचच दिवस आधीं, आषाढी अमावास्येस, दिव्यांच्या पूजेसाठीं कणकेचे किंवा बाजरीच्या पिठाचे गोड दिवे उकडलेले असतात; त्यामुळें चाळण आणि पातेलें हाताशींच असतें. त्याच चाळणीवर पंचमीस दिंड चढतात. गोव्यांत व कोंकणांत याच दिवशीं हळदीच्या पानांत तांदळाच्या पातोळ्या उकडतात. तिकडे तांदूळ आणि नारळ, इकडे गहूं आणि हरभरा. जमिनीप्रमाणें पीक बदललें, परंतु वाफ तीच राहिली.

या चालींत पूर्वजांचें गुप्त विज्ञान शोधणारांपैकीं मी नव्हें, आणि तिला वेडगळ समजून हंसणारांपैकींही नव्हें. चाल श्रद्धेची आहे. पण तिच्या आश्रयानें एक कसब आजवर टिकलें, हा तिचा उपकार उघड आहे. त्या कसबामागील कारणें मात्र आपण समजून घेतलीं पाहिजेत. कारण जें केवळ चालीनें येतें, तें चाल सुटतांच जातें. जें कारणासह कळतें, तें सण नसतांनाही करतां येतें.

तर आधीं वाफ म्हणजे काय, तें पाहूं. पातेल्यांतील पाणी उकळूं लागलें म्हणजे वर जो पांढरा धूर दिसतो, त्यासच आपण वाफ म्हणतों. वास्तविक खरी वाफ हवेसारखी अदृश्य असते. किटलीच्या तोटीकडे बारकाईनें पाहावें. तोटीच्या तोंडाला लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरेपणा तिच्या पुढें सुरू होतो. ती मोकळी दिसणारी जागा हीच खरी वाफ. पुढचें पांढरें तें वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे सूक्ष्म तुषार. मुलांना हें दाखवितांना एक ताकीद अवश्य द्यावी कीं, जेथें कांहींच दिसत नाहीं तेथेंच सर्वांत अधिक भाजतें.

अधिक कां भाजतें? याचें उत्तर एका साध्या हिशेबांत आहे. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करावयाची म्हटलें तर आणखी सुमारें ५४० कॅलरी खर्च होतात, आणि एवढी उष्णता पोटांत घेऊनही तापमापकाचा पारा एक अंशसुद्धां वर चढत नाहीं. ती उष्णता वाफेंत लपून बसते, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. किटलीचें झांकण हालतांना पाहून जेम्स वॅटला एंजिन सुचलें, ही गोष्ट आपण लहानपणीं वाचतों. खरी हकीकत तिच्याहून अधिक बोधप्रद आहे. ग्लासगोच्या विश्वविद्यालयांत उपकरणें दुरुस्त करण्याचें काम वॅट करीत असे. १७६० नंतरच्या दशकांत त्यानें वाफेचें प्रत्यक्ष मापन केलें, तेव्हां त्याला असें आढळलें कीं, एक भाग पाण्याची वाफ जवळजवळ सहा भाग थंड पाण्यास उकळीपर्यंत नेते. हें नवल त्यानें तेथील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांस सांगितलें, आणि ब्लॅक यांनीं सुप्त उष्णतेचें आपलें तत्त्व त्यास समजावून दिलें. ज्या ठेवीवर पुढें एंजिनें चाललीं, त्याच ठेवीवर आपला दिंड शिजतो.

तो शिजतो कसा? थंड दिंडास वाफेचा स्पर्श झाला कीं त्या जागीं तिचें पाणी होतें, आणि पाणी होतांना ती आपली लपविलेली ठेव तेथेंच टाकते. दिंडाचा जो भाग अधिक थंड, तेथें अधिक वाफ जमते. म्हणजे जेथें गरज अधिक तेथें उष्णता आपोआप अधिक पोंचते. तवा खालून, एकाच बाजूनें तापवितो. म्हणून पोळी उलटावी लागते, फिरवावी लागते आणि तिच्यापाशीं उभें राहावें लागतें. वाफ चहूंकडून भिडते. चाळणीच्या मध्यें ठेवलेला दिंड आणि कडेला ठेवलेला दिंड, दोघांसही ती सारख्याच न्यायानें वागविते. उलटणें नाहीं, फिरविणें नाहीं, पाहारा नाहीं.

शिवाय वाफ मर्यादा ओलांडीत नाहीं. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. जालना समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच. येथें तें ९८ अंशांच्या किंचित् वरच उकळूं लागतें. उघड्या पातेल्यावरील वाफ त्याहून अधिक तापत नाहीं. उलट भाजावयाचा तवा २०० अंशांच्या वर जातो आणि तळणाचें तेल १८० अंशांच्या आसपास असतें. गव्हांतील पिठूळ अंश ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो आणि त्यांतील चिकट प्रथिनें त्याच्या थोडें वर बसतात. म्हणजे कणीक शिजण्यास वाफ पुरेशी आहे. पण कणीक करपण्यास ती पुरेशी नाहीं. खरपूस डाग आणि भाजल्याचा खमंग वास यांस सुमारें १४० अंशांपुढची कोरडी आंच लागते. ती येथें नाहीं, म्हणून दिंड फिकटच राहतो. पुरणपोळीचा खरपूसपणा दिंडांत शोधूं नये. त्याचा गुण वेगळा आहे: तो मऊ, रसरशीत आणि दांत नसलेल्या आजोबांसही चावतां येण्याजोगा असतो.

आतां कृति सांगतों. हें प्रमाण चार-पांच माणसांच्या घरास पुरेल असें आहे आणि त्यांत सुमारें वीस दिंड होतात. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, दोन वाट्या चिरलेला गूळ, तीन वाट्या बारीक कणीक, दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ, आणि वासापुरती वेलदोड्याची व जायफळाची पूड. ज्यांस गोड कमी हवें त्यांनीं गूळ दीड वाटी घ्यावा. ज्यांच्या घरीं पंचमीस चिरणें-वाटणें वर्ज्य असेल, त्यांनीं गूळ चिरून पुरण आदल्या दिवशींच करून ठेवावें.

डाळ धुऊन तास-दोन तास भिजत घालावी आणि बोटांनीं दाबतांच पीठ होईल इतकी मऊ शिजवावी. मग ती चाळणीवर निथळावी. खालीं जें पिवळें पाणी उरतें, तो कट. तो टाकूं नये, त्याचीच झणझणीत आमटी होते. निथळलेल्या डाळींत गूळ घालून मंद आंचेवर ढवळीत राहावें. गूळ विरघळला कीं मिश्रण प्रथम पातळ होतें, त्यानें घाबरूं नये. हळूहळू तें पुन्हां आळतें. पातेल्याच्या मध्यभागीं उलथणें उभें केलें असतां तें पडलें नाहीं, म्हणजे पुरण झालें. तें गरम आहे तोंच पुरणयंत्रांतून काढावें अथवा पाट्यावर वाटावें, आणि वेलदोडा-जायफळ मिसळून निवूं द्यावें.

कणकेंत मीठ व तेल घालून ती घट्ट भिजवावी. पोळीची कणीक सैल, पुरीची घट्ट. दिंडास पुरीचीच कणीक लागते. ती ओल्या फडक्याखालीं अर्धा तास झांकून ठेवावी. या अर्ध्या तासांत पीठ पाणी शोषतें आणि कणकेचा ताण उतरतो. मग पुरी लाटतांना ती आंखडत नाहीं. लिंबाएवढी गोळी घेऊन तळहाताएवढी पातळ पुरी लाटावी. मध्यें चमचाभर पुरण चौकोनी पसरावें. प्रथम समोरासमोरच्या दोन कडा पुरणावर आणाव्या, त्यांवर उरलेल्या दोन कडा आणाव्या आणि शेवटच्या कडेला पाण्याचें बोट लावून ती हलकेच दाबावी. ही घडी खालच्या बाजूस करून दिंड ठेवावा, म्हणजे स्वतःच्याच भारानें ती मिटून राहते.

पातेल्यांत चार-पांच बोटें पाणी घ्यावें. उकळी उसळली तरी पाणी चाळणीस लागतां कामा नये. मध्यें निदान तीन बोटें अंतर असावें. पाण्यांत एक धुतलेलें नाणें टाकून ठेवावें. उकळी चालूं असेपर्यंत तें तळाशीं खडखडत राहतें; खडखड थांबली कीं पाणी आटलें असें समजावें. चाळणीवर ओलें फडकें पसरावें. हळदीचीं किंवा केळीचीं पानें मिळालीं तर फारच उत्तम. पाण्यास खळखळून उकळी आल्यावरच दिंड चाळणीवर मांडावे, एकमेकांत बोटभर अंतर ठेवावें, आणि झांकणास आंतून कोरडें फडकें बांधून तें घट्ट बसवावें. वीसही दिंड एका थरांत मावावे इतकी रुंद चाळण नसेल, तर मोदकपात्राचे किंवा इडलीपात्राचे दोन थर घ्यावे. प्रेशर कुकरही चालतो. मात्र त्याची शिटी काढून ठेवावी. पंधरा ते वीस मिनिटांत दिंड होतात. कणकेचा कोरा पांढरेपणा जाऊन तिला तुकतुकी आली आणि ओलें बोट लावलें असतां तें चिकटलें नाहीं, म्हणजे ते शिजले. आंच बंद करून दोन मिनिटें थांबावें आणि झांकण आपल्या तोंडापासून पलीकडच्या बाजूनें उचलावें, कारण अदृश्य वाफेची ती साठविलेली ठेव प्रथम उघडणाराच्याच हातावर पडते.

कृतींतल्या या बारीकसारीक अटी कोणास सोंवळ्याच्या नियमांसारख्या वाटतील. परंतु प्रत्येकीस कारण आहे. घट्ट कणीक कां? वर सांगितलेंच आहे कीं, वाफ दिंडावर पाणी होऊन बसते. हिशेब केला तर वीस दिंड तापवितां तापवितां त्यांवर सुमारें १०० ग्रॅम पाणी जमतें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास चहाचा एक चमचा. सैल कणकेस हें पाणी सोसत नाहीं. ती लिबलिबीत होऊन पसरते. घट्ट कणीक मात्र तेंच पाणी पिऊन बेताची मऊ होते. उकळी आल्यावरच चाळण कां चढवावयाची? थंड पाण्यावर चढविली तर पाणी तापेपर्यंत कणीक दमट उबेंत रेंगाळते आणि शिजण्याआधींच ओली होते. भर वाफेंत ठेवली तर तिचें वरचें आवरण लगेच बसतें. मध्यें झांकण कां उघडावयाचें नाहीं? झांकण उचललें कीं वाफ निघून जाते आणि तिच्या जागीं थंड हवा शिरते. हवेपाशीं वाफेसारखी ठेव नाहीं, म्हणून पातेलें पुन्हां वाफेनें भरेपर्यंत शिजण्याचें काम रेंगाळतें. झांकणास फडकें कशाला? झांकणाच्या आंतल्या बाजूस जमलेलें पाणी ठिबकूं लागलें तर जेथें थेंब पडेल तेथें दिंडास खळी पडते. फडकें तें पाणी टिपून घेतें. आणि दिंड फुटतो तो बहुधा पुरणामुळें. पुरण सैल राहिलें कीं तें तापून पाझरतें आणि घडीची जी बाजू कच्ची असेल ती उकलतें. थोडक्यांत, दिंड फुटला तर पुरण पाहावें आणि चिकटला तर कणीक पाहावी.

उरलेले दिंड गार झाल्यावर कडक होतात. ते वाळले असें आपण समजतों, पण तें पूर्णपणें खरें नाहीं. शिजलेला पिठूळ अंश थंड झाल्यावर पुन्हां घट्ट रचना धरूं लागतो, म्हणून हा कडकपणा येतो. त्यावर उपाय पुन्हां वाफेचाच. पांच मिनिटें उकडले कीं ते पूर्ववत् मऊ होतात.

वाफेवर भरलेली कणीक शिजविणें ही कांहीं आपलीच मिरास नव्हे. चीन देशांत गव्हाच्या पिठाचे मांतोऊ आणि पोटांत सारण भरलेले बाओझी घरोघरीं होतात. तिबेट, नेपाळ व दार्जिलिंगकडचे मोमो आतां आपल्या शहरांतील रस्त्यांवरही मिळूं लागले आहेत. त्यांतील मांतोऊ व बाओझी यांच्या पिठांत खमीर घालून तें फुगूं देतात. खमिरांतील सूक्ष्म जीव पिठांतील साखर खाऊन वायु सोडतात, तो वायु पिठाच्या चिकट जाळ्यांत अडकतो आणि वाफेच्या उष्णतेनें प्रसरण पावून सारा गोळा कापसासारखा हलका करतो. आपल्या दिंडांत खमीर नाहीं, म्हणून त्याचें आवरण पातळच लाटावें लागतें. जाड लाटलें तर तें चिवट लागतें. ज्यांना फुगीर प्रकार करून पाहावयाचा असेल, त्यांनीं खमीर घातलेलें पीठ उबदार जागीं दुप्पट होईपर्यंत ठेवावें, गोळे वळल्यावर आणखी थोडा वेळ विसांवा द्यावा आणि मग उकडावें. चिनी लोक बांबूच्या विणलेल्या करंड्या वापरतात. बांबूच्या झांकणांतून जादा वाफ बाहेर जाते आणि थेंब खालीं ठिबकत नाहींत. आपण झांकणाला फडकें बांधतों तें याच हेतूनें.

आमच्या जिल्ह्यास आणखी एका कारणासाठीं वाफेचें महत्त्व वाटावें. पाण्याची किंमत आम्हांस कोणी शिकवावी लागत नाहीं. २०१२-१३ सालच्या दुष्काळांत जालना शहरानें टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. वाफेच्या रांधण्यास पाणी थोडें लागतें, आणि उरलेलें पाणी स्वच्छ असल्यानें पुन्हां उपयोगीं पडतें. डाळीचा कट आमटींत जातो. तळणीप्रमाणें कढईभर तेलही लागत नाहीं. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. उकडलेलें तें सर्व पथ्याचें, असें नव्हे. तेल वांचलें तरी गूळ तो गूळच, आणि वर आपण तुपाची धार सोडतोंच. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं दिंडाच्या फिकट रूपास भुलूं नये. त्यांच्यासाठीं हिंवाळ्यांत तुरीच्या ओल्या सोल्यांचें तिखट सारण करावें: सोले भरड वाटून, मिरची, जिरें व कोथिंबीर यांसह तेलावर परतून कोरडे करावे आणि त्याच घडींत भरून उकडावे. पुरणाचा नियम येथेंही लागूं आहे. सारण कोरडें हवें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा सारा प्रपंच केला, तिच्याकडे वळतों. पुरणपोळीच्या दिवशीं आपल्या घरांत काय दिसतें, तें डोळ्यांपुढें आणा. पानें मांडलेलीं असतात, मंडळी बसलेली असतात आणि एक बाई तव्यापाशीं उभी असते. पोळी गरमच वाढली पाहिजे, असा आपला आग्रह. एका पोळीस अडीच मिनिटें धरलीं, तर वीस पोळ्यांस पन्नास मिनिटें होतात. तेवढ्या अवधींत घरांतील सर्वांचीं जेवणें होतात. आणि जिनें तें अन्न केलें, ती शेवटीं उरल्यासुरल्या पोळीवर, निवलेल्या आमटीसह, बहुधा एकटीच बसते. हें आपण इतक्या पिढ्या पाहत आलों आहों कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें आपल्या मनांतही येत नाहीं. आपण त्याला गृहिणीचें प्रेम म्हणतों. प्रेम तें आहेच. पण त्या प्रेमाची सोय आपण आपल्याकडे ठेवली आणि गैरसोय तिच्याकडे दिली, हेंही तितकेंच खरें आहे.

दिंडाच्या दिवशीं हा देखावा बदलतां येतो. वीस दिंड वीस मिनिटांत, एकाच वेळीं, सारखेच शिजून उतरतात. त्या वीस मिनिटांत पातेल्यापाशीं कोणी उभें राहावें लागत नाहीं. त्या वेळांत पानें मांडतां येतात, मुलांचे हात धुतां येतात, तूप कढवितां येतें. पातेलें उतरलें कीं चाळण सरळ पंगतींत येते आणि करणारी बाईही पहिल्या पंगतीस, गरम अन्नावर, सर्वांबरोबर बसूं शकते. वाफ चाळणीवरच्या सर्व दिंडांस एकच न्याय लावते. तोच न्याय पानावर बसणारांस लावण्याची संधि ती आपल्याला देते.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. दिंडाला श्रम कमी लागतात, असें नाहीं. पुरण शिजविणें, वाटणें, पुऱ्या लाटणें, घड्या घालणें हें काम पोळीइतकेंच आहे. घड्यांमुळें कांकणभर अधिकच. फरक एवढाच कीं, हें काम जेवणापूर्वीं संपतें आणि त्यांत पुष्कळ हात लागूं शकतात. तव्यापाशीं एकालाच जागा असते. घड्या घालण्यास मात्र सारें घर गोल करून बसूं शकतें. आठ वर्षांच्या मुलास चौकोन म्हणजे काय हें फळ्यावर काढून दाखविण्यापेक्षां त्याच्या हातीं एक पुरी द्यावी. चार कडा आणि चार कोन तो स्वतःच शोधून काढील. आजीबाईंच्या डोळ्यांस दिसत नसलें तरी त्यांच्या बोटांस घडी पाठ असते. आणि घरांतील पुरुषांस पुरण घोटणें मुळींच जड जाऊं नये. त्यास मनगट लागतें, आणि मनगटाचा अभिमान आपण बाळगतोंच. परंतु हे सारे हात बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र धरून बसले, तर दिंड करूनही कांहीं साधत नाहीं. मग पंचमीस तवा विसांवला, एवढेंच. बाई विसांवली नाहीं.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे कीं, दिंडाला पंचमीच्या एका दिवसापुरता कोंडून ठेवूं नका. पंचमीस तो श्रद्धेनें होईलच. पण एखाद्या साध्या रविवारींही तो करून पाहा. सकाळीं डाळ भिजत घाला, घड्या सर्वांनीं मिळून घाला, चाळण चढवा, आणि पानें मांडतांना घरांतील माणसें नीट मोजा. मोजतांना, जिनें पुरण केलें तिचें पान विसरूं नका.